बारीक कमरेचा बिट

"हाऊ सोनेरी काही कामना नही, शेठ. दोन दरवाजामा तुटी गया," म्हणत रेवजीनं स्क्रू पिळायच्या मशीनला लावतात त्या बिटाचे तुकडे काउंटरवर ठेवले.

भीकमचंदांनी ते चष्म्याजवळ नेले. "हाऊ आपला नही. कोठून लिना?"

"सारंगखेडाले, घोडासनी जत्रामा."

"घोडा लेवाले गयथा, का बिट?"

"घोडा देखाले गयथू. बिट लिना."

"घोडा रंग देखीसन लेतस का रे?"

"नही, शेठ. पाय देखीसन."

"मंग?"

रेवजी ओशाळून हसला. स्टुलावर बसलेली शेठांची मुलगी मुस्कानही पुस्तकातून मान वर करून हसली.

भीकमचंदांचं हार्डवेअरचं दुकान तळोद्यात, डोंगरात जाणाऱ्या जीप जिथून सुटतात त्याच रस्त्यावर होतं. घरात ते मारवाडी बोलत, पण दुकानात पाय ठेवला की पोटच्या पोरीशीसुद्धा अहिराणी. रेवजी वरच्या पाड्यांवर दारं-खिडक्या बसवायचा. बॅटरीचं इम्पॅक्ट मशीन त्यानं हौसेनं घेतलं होतं. पण तिथं वर बिट तुटला की काम बंद. नवा आणायला पुन्हा जीपनं खाली यायचं, तोवर घरवाला उघड्या दारानं झोपणार.

भीकमचंदांनी काउंटरखालून सागाचा ठोकळा काढला. कंपनी कोणतीही असो, नवा बिट आधी या ठोकळ्यावर चालवायचा आणि मगच विकायचा, ही त्यांची रीत. त्यांनी मशीनला काळपट रंगाचा एक बिट लावला आणि बोटभर स्क्रू सागात उतरवला. मशीनचा कडकडाट थांबल्यावर बिट काढून रेवजीच्या तळहातावर ठेवला.

"देख, यानी कंबर बारीक शे. मशीन नुसतं फिरत नही, ठोका मारस. ठोका बसना का हाऊ जरासा पीळ खास आन् परत सरळ व्हस. जो निस्ता कडक ऱ्हास, त्याले पीळ खाता येत नही. तो तुटस."

मुस्काननं एक स्क्रू बिटाच्या तोंडावर बसवून हलवून पाहिला. डुगडुगला नाही. "घ्या दादा," ती म्हणाली. "तोंड गच्च बसतंय. झिजणार नाही."

रेवजी गेल्यावर भीकमचंद गादीवर टेकले. त्यांची नजर तिच्या पुस्तकावर गेली.

"कितलं ऱ्हायनं?"

"थोडंच."

"होळीनंतर दुकान तुन्हा काकाना श्रेणिकले दी टाकू. तू पुणे जा. मन्हासाठे आखो कितला दिन बठशी?"

त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून ती पुण्याहून आली होती, तीन वर्षांपूर्वी. डोळे केव्हाच बरे झाले. तिनं कॉलेजातली नोकरी सोडली, ती बापासाठी, असं ते समजत होते. गिऱ्हाईक नसताना ती वाचत बसे, तेव्हा पोरीचा जीव इथं रमत नाही असं त्यांना वाटे. खरं तर सकाळी शटर वर जाताना होणारा खडखडाट, तेलात बुडवलेल्या बिजागऱ्यांचा वास, रेवजीसारख्यांची बोलणी, हे सगळं तिला वर्गापेक्षा जवळचं झालं होतं. तेवढ्यात कुणीतरी कडी-कोयंडा मागितला.

"बघू, बाऊजी," म्हणून ती उठली.

दुसऱ्या दिवशी पहाटे भीकमचंद तोंडाला मुहपत्तीचं पांढरं फडकं बांधून सामायिकाला, रोजच्या जैन ध्यानाला, बसले. वेळ उलटून गेली तरी उठले नाहीत. सामायिकात बसलेल्या माणसाला हाक मारायची नसते. मुस्कान चहाचं आधण उतरवून, पुन्हा चढवून स्वयंपाकघरात थांबली. शेवटी जवळ जाऊन खांद्याला हात लावला, तेव्हा तो थंड होता.

डॉक्टर म्हणाले, आधी हाक मारली असती तरी काही झालं नसतं. तिनं मान हलवली.

तिसऱ्या दिवशी दुखवटा संपवणारा उठावणा झाला. जैन स्थानकातून सगळे पांढऱ्या कपड्यांत तसेच दुकानावर आले. उठावण्यानंतर दुकान उघडून एक तरी विक्री करायची, म्हणजे घर पुन्हा चालतं झालं. शहाद्याहून आलेल्या नवनीतकाकांनी आपल्या मुलाला, श्रेणिकला, गादीवर बसवलं.

"दादानी माले फोनवर सांगेल व्हतं," काका जमलेल्यांना म्हणाले. "पोरगी मन्हापायी आडकी पडनी, तिले मोकळी करा. ती त्यानी शेवटली इच्छा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मुस्कानच्या पाठीवरून कुणीतरी हात फिरवला. काका लबाड नव्हते. बाऊजी तसंच म्हणाले असणार, त्याच काळजीनं. म्हणूनच काकांना खोटं पाडता येत नव्हतं.

कोरीटचा सुकलाल मिस्त्री दारात घुटमळत होता. "आज नको व्हतं येवाले. पन काम आडी ऱ्हायनं. इम्पॅक्टना बिट जोयजे. टिकाऊ."

श्रेणिकनं चकचकीत सोनेरी बिटांची नवी डबी पुढं केली. "ये ले जाओ, सबसे कडक है."

सुकलालनं डबी हातात घेतली नाही. तो मुस्कानकडे पाहू लागला.

ती काउंटरच्या आत गेली. खणातून एक बिट निवडला, स्क्रू लावून हलवला, तो ठेवून दुसरा घेतला. मग मशीन उचललं. काका म्हणाले, "आज आवाज नको, बेटा." तिनं ठोकळा पुढं ओढला. दुकानभर कडकडाट झाला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं दचकून मागं सरली. स्क्रू डोक्यापर्यंत आत गेला.

सुकलालनं बिट खिशात घातला, पैसे ठेवले, गादीला नमस्कार केला आणि गेला.

"व्हयनी बोहनी," काका हळू आवाजात म्हणाले. "श्रेणिक, चाव्या ले. मुस्कान, चाल घर."

मुस्कान हलली नाही. श्रेणिककडे नाही, काकांकडेही नाही, ती गादीमागच्या भिंतीकडे पाहत होती. तिथं नुकत्याच लावलेल्या बाऊजींच्या फोटोचा हार अजून ओला होता.

"बाऊजी," तिनं मोठ्यानं हाक मारली. मग त्यांच्याच दुकानातल्या बोलीत, थांबत थांबत ती म्हणाली, "मी तुमनापायी बठेल नव्हती. माले आठे आवडस. आठेच बठनं शे माले."