खिशातून ऐकलेलं

मित्रांनो, काजूएवढा माझा आकार, त्यामुळे तुम्ही मला पाहिलं असलं तरी लक्षात ठेवलं नसेल. मी एक जुनं कानाचं मशीन आहे. कानामागे बसायचं, बाहेरचा आवाज गोळा करायचा, तो मोठा करून नळीतून आत सोडायचा, एवढंच माझं काम. मला तोंड नाही. ऐकलेलं सगळं मी एकाच माणसाला सांगू शकतो, आणि तेही त्यानं मला कानात घातलं तरच.

माझा जन्म एका थंडगार कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी भिंगाखाली धरून माझे केसासारखे बारीक तुकडे जोडले. तिथून मी दुकानात आलो. दुकानातल्या बाईंनी माझ्या मालकांच्या कानात गुलाबी लगदा भरून साचा काढला आणि मला त्यांच्या मापाचं केलं.

मालकांचं आयुष्य छापखान्यात गेलं होतं. वर्तमानपत्र छापणाऱ्या अजस्र यंत्राशेजारी उभं राहून राहून त्यांचे कान हळूहळू गेले. इतके हळू, की ते आधी घरच्यांना कळलं आणि मग त्यांना.

मला लावून ते पहिल्यांदा घरी आले, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातच थबकले.

"तू गुणगुणतेस?" त्यांनी बायकोला विचारलं.

"लग्न झाल्यापासून," काकू म्हणाल्या.

त्या दिवशी माझं फार कौतुक झालं. लेकीनं फोनवर "बाबा, हळू बोलले तरी ऐकू येतंय ना?" असं दहादा विचारलं. पण मालक घराबाहेर पडताना मला काढून ठेवू लागले. त्यांना माझी लाज वाटायची. मला वाईट वाटायचं, पण करणार काय?

आता त्या शनिवार-रविवारची गोष्ट सांगतो.

कॉलेजात असताना मालकांना सगळे 'रेडिओ' म्हणायचे. कुणाचाही आवाज एकदा ऐकला की हुबेहूब काढायचे. त्यांच्या होस्टेलच्या खोलीत आणखी दोघं होते, लंबू आणि मावशी. मावशी म्हणजे बाई नव्हे हो! कुणाला ताप आला की कपाळावर पट्ट्या ठेवणारा, तुटलेली बटणं लावून देणारा, "जेवलास का?" विचारणारा मुलगा, म्हणून ते नाव पडलं. या मावशींनी पुढे लग्न केलं नाही. ते एकटेच राहायचे. शहरात राहणाऱ्या लंबूंनी दोघांना बोलावलं, "दोन दिवस या. पुन्हा कधी जमणार आहे?"

निघताना काकूंनी बजावलं, "अहो, मित्रांसमोर मशीन काढून खिशात टाकू नका हं."

"नाही गं," मालक म्हणाले.

लंबूंच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये आरसा होता. मालकांनी त्यात डोकावून पाहिलं, केस सारखे केले आणि मला काढून शर्टाच्या खिशात टाकलं. बंद करायला मात्र विसरले. त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं आणि त्यांना फक्त गलका.

दार उघडताच मिठ्या पडल्या. पाठीवर थापा बसल्या. मालकांनी लगेच जुन्या प्राध्यापकांच्या नकला सुरू केल्या. एक संपली की दुसरी. मला त्यांची युक्ती कळत होती. आपण बोलत राहिलो की ऐकायची वेळ येत नाही.

"गुडघे काय म्हणतात?" लंबूंनी मध्येच विचारलं.

"मजेत आहे. मुलगा झालाय तिला," मालक म्हणाले.

दोघं पोट धरधरून हसले. मालकांना वाटलं होतं, लेकीची चौकशी चाललीय; दोघांना वाटलं, रेडिओनं विनोद केला. मालकही हसले.

रविवारी सकाळी तिघं बागेत गेले. लंबू फेऱ्या मारायला निघाले आणि हे दोघं बाकावर बसले. समोर रस्त्यावर गाड्यांची वर्दळ होती. मावशी बराच वेळ बुटाच्या टोकानं माती उकरत होते. मग मालकांकडे न बघताच ते बोलू लागले.

"रेडिओ, माझ्या पोटात गाठ निघालीय. डॉक्टर म्हणतात, आत्ता काढली तर ठीक, उशीर केला तर काही खरं नाही. याच आठवड्यात दाखल व्हायचंय. आयुष्यभर लोकांच्या उशाशी बसलो रे, पण स्वतः त्या खाटेवर पडायची भीती वाटते. लंबूला त्याच्या घरच्यांचं आजारपण आहे. तू येशील माझ्याबरोबर? नुसतं बाहेर बसलास तरी चालेल."

मित्रांनो, मी खिशात तडफडत होतो. कापडात दाबला गेलो की मला शिट्टी वाजवता येते. तेवढाच माझा स्वतःचा आवाज. ती मी जिवाच्या आकांतानं वाजवली. ज्यांना ऐकू यायला हवी होती, त्यांना ती ऐकूच येत नव्हती.

"तुझा फोन वाजतोय वाटतं," मावशी म्हणाले आणि त्यांनी मान वर केली.

मालकांना एवढंच दिसलं की मित्र आपल्याकडे बघतोय आणि काहीतरी बोलून थांबलाय. त्यांना वाटलं, नेहमीसारखी थट्टा केली असणार. ते खदखदून हसले आणि मावशींच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तू काही बदलला नाहीस बघ!"

"बरं," मावशी म्हणाले. मग त्यांनी मालकांच्या शर्टावर पडलेलं वाळकं पान झटकलं.

परतल्यावर आपल्या घराच्या दारात पाय ठेवण्यापूर्वी मालकांनी मला पुन्हा कानात घातलं. पण ऐकलेलं साठवून ठेवायला मला कुठं येतं? मी फक्त त्या त्या क्षणाचं पोचवतो.

काही महिन्यांनी लंबूंचा फोन आला. या वेळी मी कानात होतो.

"मावशी दवाखान्यात गेलाच नाही रे. एकट्याला धीर झाला नाही. आता डॉक्टर म्हणतात, कापून उपयोग नाही." लंबू म्हणाले. "तुला विचारलं होतं म्हणे बागेत. तू हसलास."

मालकांनी फोन ठेवला आणि कपाटातून आपले कपडे काढले. काकूंनी काही न विचारता त्यांची बॅग भरली.

मावशींच्या खोलीत खाटेशेजारी बसून मालकांनी मला कानातून काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. "हे खिशात होतं," ते म्हणाले. "मला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. लाज वाटत होती रे." मग मला परत कानात घातलं.

मावशींनी डोळे मिटून घेतले. "मला वाटलं, मी घाबरतो त्याचं तुला हसू आलं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "जेवलास का?"

मालक तिथंच राहिले. पट्ट्या ठेवल्या, औषधं दिली, नकला केल्या. मला झोपतानाही काढलं नाही. मावशींचा आवाज रोज बारीक होत गेला आणि मालक माझा आवाज वाढवत गेले. शेवटच्या सकाळी त्यांनी मला पार टोकापर्यंत वाढवलं आणि कान मावशींच्या ओठांशी नेला. मी प्रत्येक श्वास पोचवला. पण त्यात शब्द नव्हते. नसलेले शब्द मी कुठून आणणार?

आता मी जुना झालोय. माझी नळी पिवळी पडलीय आणि मी अधूनमधून बंद पडतो. पण मालक मला कुठेही लावून जातात, आणि कुणी बघितलं तर बघू देतात.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल, तर ते कपाटात नाहीतर खिशात पडू देऊ नका. ते लावणाऱ्याला हसू नका. तो उगाचच मान डोलावताना दिसला, तर जवळ जाऊन, त्याच्याकडे बघून पुन्हा सांगा. आणि कधी तुम्हालाच नीट ऐकू आलं नाही, तर "काय म्हणालास?" असं बेलाशक विचारा. त्या बाकावर मालकांनी एवढंच विचारलं असतं, तर मावशींनी सगळं पहिल्यापासून सांगितलं असतं.