साडेतीन इंची पितळी स्क्रू

बळीराम सुताराचा हात आधी चालायचा आणि तोंड मागाहून, हे पनवेलच्या बंदरावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यामुळे त्याने धाकट्या भावाच्या, काशीरामच्या, तोंडावर मूठभर स्क्रू भिरकावले तेव्हा शेजारच्या गवंड्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

"ह्ये काय आनलंस?"

"इस्क्रू, दादूस. भगवानच्या दुकानातून."

"लोखंडी? अन् अडीच इंची? दोन इंच तर बुचातच जानार. फुडं काँक्रीटात काय तुजी जीभ घालू?"

साल अठ्ठावन्न. मुनाफशेठ मासळीवाल्याचा बर्फाचा कारखाना बंदराजवळ उभा राहत होता. त्यातल्या बर्फ साठवायच्या खोलीला आतून बुचाचे जाड तक्ते मारायचे होते, म्हणजे बाहेरचा उकाडा आत शिरणार नाही. भिंतींचं कोणीही केलं असतं. खरी परीक्षा छताची. काँक्रीटात भोक पाडायचं, त्यात सागवानी गुट्टी, म्हणजे लाकडी खुंटीचा तुकडा, ठोकून बसवायची, तक्ता डांबराने चिकटवायचा आणि त्यातून आरपार स्क्रू घालून गुट्टीत आवळायचा. त्यावर जाळी आणि सिमेंटचा गिलावा. एवढं ओझं शेवटी कोण तोलणार, तर तो बोटाएवढा स्क्रू! आणि खोली सुरू झाली की तिच्यात बर्फ रचायची कायमची नोकरी मुनाफशेठने काशीरामलाच कबूल केली होती. भाऊ जन्मभर ज्या छताखाली उभा राहणार, ते छत पडता कामा नये, एवढी एकच गोष्ट बळीरामच्या डोक्यात होती.

"आपला बाप कशानी मेला रं?" त्याने विचारलं.

बाप उरणकडच्या मिठागरावर मेला होता. खाडीचं पाणी आत घेणाऱ्या लाकडी झडपेचे खिळे खाऱ्या पाण्याने खाऊन टाकले, भरतीला झडप सुटली आणि त्याच्या छातीवर आदळली. तेव्हा काशीराम तीन वर्षांचा होता. बळीरामनेच त्याला लहानाचा मोठा केला, आणि मारूनमुटकून केला.

"लोखंडानी मेला! बर्फाच्या कारखान्यात मीठच मीठ. अन् तू लोखंडच आनतंस?" असं म्हणत बळीरामने त्याचं उजवं मनगट धरलं आणि ओलं धोतर पिळावं तसं पिळलं. आतून कट् असा आवाज आला. काशीराम गुडघ्यावर बसला, पण ओरडला नाही. ओरडलं की आणखी मार पडतो, हे तो लहानपणीच शिकला होता.

बळीराम तिथून तडक भगवानच्या दुकानात गेला. भगवान म्हणाला, "अरे, लोखंडी काय आणि पितळी काय, गिलाव्याखाली कोण बघतंय?" पुढचं वाक्य त्याला पुरं करता आलं नाही. बळीरामने त्याला गल्ल्यावरून ओढून खाली पाडला, त्याच्या पोटात दोन लाथा घातल्या आणि छातीवर पाय देऊन विचारलं, "साडेतीन इंची. पितळी. रुंद चकतीसकट. हायेत का नायेत?"

होते. मागच्या खोलीत, नावाड्यांसाठी ठेवलेले. भगवानने नाकाचं रक्त पुसत पेट्या काढून दिल्या.

स्क्रूची निवड अगदी बरोबर होती, यात शंका नाही. दोन इंच बुचात, दीड इंच सागात, मिठाला दाद न देणारं पितळ आणि तक्ता फाटू नये म्हणून डोक्याखाली चकती. मुनाफशेठने एक स्क्रू हातात घेऊन म्हटलं, "माशाल्ला, बळीराम, तुझा हात जड हाय, पन अक्कल हाय बाबा." बळीरामची छाती फुगली.

आता पनवेलच्या सुतारांची एक रीत होती. ती आजही गेलेली नाही. स्क्रू हातोडीने ठोकायचा आणि शेवटचे दोन आटे तेवढे डिस्मिसने, म्हणजे पेचकसाने, आवळायचे. दारं-खिडक्या अशाच उभ्या राहतात आणि कोणाचं काही बिघडत नाही. पण डोक्यावर टांगायचं ओझं वेगळं. ठोकलेला स्क्रू लाकडाचे तंतू फाडत आत जातो. त्याचे आटे लाकूड धरत नाहीत, नुसते तिथे राहायला येतात.

बळीरामला हे माहीत होतं. "पयल्या आट्यापासून डिस्मिस," त्याने बजावलं. "हातोडी लावलीस तर हात तोडीन." दाराकडचं अर्धं छत त्याने घेतलं, आतलं काशीरामला दिलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना बायको भामा हळूच म्हणाली, "अवो, भावजींचा हात लय सुजलाय. हलद लावली म्या, पन मूठ वलत नाय."

"बायकांसारका रडतो का तुज्यापाशी? कामावर तर येतोय!" बळीरामने समोरचं ताट लाथेने उडवलं. भात भिंतीला जाऊन चिकटला. भामाने तो मुकाट्याने पुसून काढला आणि त्यानंतर हाताचा विषय घरात निघाला नाही.

चार दिवसांत छत पुरं झालं. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर डांबराचा बोळा फिरला होता. बळीरामने आतल्या अर्ध्या छताचा एकेक तक्ता धरून ओढून पाहिला. एकही हलला नाही. तो भावाला शाबासकी देणार होता, पण तशी सवय नसल्याने नुसता खाकरला.

खोली सुरू होऊन दीड महिना झाला होता. भगवान बाहेर बसवायच्या दुसऱ्या दाराच्या बिजागऱ्या घेऊन आला होता, भामा काशीरामची भाकरी घेऊन आली होती आणि बळीराम बाहेर त्या दाराची चौकट तासत होता. एवढ्यात आत धडाड् असा आवाज झाला. दारातून सिमेंटची धूळ आणि थंड वाफ एकदमच बाहेर आली.

आतलं अर्धं छत खाली आलं होतं. ढिगाऱ्यातून काशीरामचा एक पाय दिसत होता.

कोणीही आधी त्या पायाकडे धावलं असतं. बळीराम भगवानकडे धावला. "इस्क्रू बदललेस तू! लोखंडी घातलेस पेटीत!" त्याने भगवानचं डोकं चौकटीवर आपटलं, एकदा, दोनदा, तीनदा. भगवानचे दात तुटून हनुवटीवर आले. मुनाफशेठ धावत येऊन मागून बळीरामच्या कमरेला लोंबकळत ओरडत होता, "अरे छोड! या अल्ला, आधी भावाला काढ, मग मार त्याला!"

भामा एकटीच गिलाव्याचे तुकडे उपसत होती. तिची नखं फुटली होती. ती ताडकन उठली, नवऱ्यासमोर आली आणि जन्मात पहिल्यांदा त्याच्या अंगावर ओरडली.

"बगा! आधी बगा, मग मारा!"

तिने त्याच्या तळहातावर पाच-सहा स्क्रू कोंबले. बळीरामने अंगठ्याने डांबर खरवडलं. खाली पिवळंधमक पितळ. साडेतीन इंची. त्याचेच.

त्याने एकेका डोक्यावरची खाच पाहिली. डिस्मिस फिरला की खाचेच्या कडा घासतात. या कडा कोऱ्या होत्या. डोकी मात्र हातोडीने चेपली होती. शेवटचे दोन आटेसुद्धा ठोकलेलेच. गुट्ट्यांच्या ठोकाठोकीत तो आवाज त्याला वेगळा ऐकूच आला नव्हता.

"मूठ वलत नवती त्यांची," भामा म्हणाली. "डिस्मिस कसा फिरवनार? डाव्या हातानी ठोकले असतील. अन् तुमाला कोन सांगनार?"

बळीरामने वर पाहिलं. त्याचं स्वतःचं अर्धं छत जागच्या जागी होतं. भगवान चौकटीशी रक्त थुंकत बसला होता. बळीरामच्या हातातले स्क्रू खाली पडले. तो रांगतच ढिगाऱ्यात शिरला आणि मोठमोठे तुकडे बाजूला फेकू लागला.

काशीराम जिवंत होता. मांडीचं हाड मोडून बाहेर आलं होतं, कपाळ फुटलं होतं, पण श्वास चालू होता. त्याला उचलायला बळीरामने दोन्ही हात पुढे केले.

काशीरामने डोळे उघडले. समोर भाऊ दिसला. त्याने ते वाकडं झालेलं मनगट कसंबसं उचललं आणि डोकं झाकून घेतलं.

"मारू नको, दादूस," तो म्हणाला. "चुकलं माजं."