वांग्यालाही भ्यालेलं भूत

परतूरच्या आठवडी बाजारात त्या दिवशी कापसाच्या गाड्या रस्त्यात सोडून माणसं बघायला पळत सुटली होती. भुतं उतरवणारे भुजंगनाथ महाराज म्हणे कंपवाताचं भूत नारळात पकडणार होते. मी शाळामास्तर, शाळेला सुट्टी होती आणि पकडलेलं भूत मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मीही गेलो.

पाटावर सोनूबाई बसल्या होत्या. तीन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरायचा आणि खांदा इतका ठणकायचा की कुशीवर वळताना त्या कण्हायच्या. शेजारी मुलगा मच्छिंद्र हात जोडून उभा होता.

"चल रे थरथऱ्या, नीघ," महाराज गरजले. "माय, नारळ धर."

सोनूबाईंनी हात पुढं केला. थरथर थांबली. एकानं पागोटं उडवलं. दुसरा महाराजांच्या पाया पडला आणि त्याच घाईत माझ्याही.

"हातातलं भूत नारळात गेलं," महाराज म्हणाले. "खांद्यातलं थोरलं हाय. ते डाग दिल्याबिगर न्हाई निघायचं."

शेगडीत सळई लाल झाली होती. सोनूबाईंचा चेहरा पांढरा पडला.

"आई, एकबार सोसून घे," मच्छिंद्र रडवेल्या आवाजात म्हणाला.

तेवढ्यात सरकारी दवाखान्याचे डॉक्टर बदरोद्दीन पुढं आले. "जरा ठहरा महाराज. बाई, नारळ खाली ठेवा. हात मांडीवर."

थोड्या वेळानं हात पुन्हा थरथरू लागला.

"भूत परत आलं," महाराज घाईनं म्हणाले.

"बराबर. आता त्याला वांग्यात घालू." डॉक्टरांनी भाजीवाल्या कचरूच्या पाटीतलं एक वांगं उचलून पुढं धरलं. सोनूबाईंनी ते घेतलं. हात शांत.

मग काय, बाजारच खुळावला. कुणी मुळा दिला, कुणी तंबाखूचा बटवा, पुष्पाबाईंनी नवंकोरं लाटणं, मी छत्री. दर वेळी हात थांबला. अंगात देव नाही अशी वस्तू परतुरात सापडेना. सोनूबाई स्वतःच हसून हसून डोळे पुसू लागल्या.

डॉक्टर म्हणाले, "हा मेंदूचा आजार हाय. हात रिकामा असला की थरथरतो. कामाला निघाला की बहुतेकदा थोडा वेळ थांबतो. महाराजांना हे ठाऊक हाय, म्हणून तर ते 'धर' म्हणले."

"अन् खांदा, डाक्टरसाब?" सोनूबाईंनी विचारलं.

"आखडलाय. दुखतो म्हणून तुम्ही हलवत न्हाई, अन् हलवत न्हाई म्हणून जास्त दुखतो. डागानं चामडी जळंल, दुसरं काही न्हाई. रोज गरम पाण्यानं शेका, मंग हात हळूहळू वर न्या. आजार जाईल असं मी म्हणत न्हाई. दुखणं कमी होईल."

"नास्तिकाच्या सावलीत देव थांबत नसतो," असं पुटपुटत महाराजांनी झोळी उचलली. मच्छिंद्रनं आधी घागरभर पाणी शेगडीवर ओतलं, मग आईला हात देऊन उठवलं.

दोन महिन्यांनी सोनूबाई मला दवाखान्याच्या ओट्यावर भेटल्या. एक बाई गुडघ्यासाठी कुठल्याशा बाबाचा पत्ता विचारत होती. सोनूबाई तिला म्हणाल्या, "माझा हात अजून थरथरतो, बाई. पण खांदा आता झोपू देतो. तुला कोणी चमत्कार दाखवला, तर त्याला इचार, हे कसं झालं. सांगायला जो चिडंल, त्याच्या हातात आपलं दुखणं देऊ नको."