कानटोपीखालचा फोन

लेक बाळंतपणासाठी दवाखान्यात आणि आईचा फोन मुका! आता याला काय म्हणावं? घंटी वाजायची खणखणीत, पण फोन उचलून कानाला लावला की पलीकडून चिडीचूप.

बाळ तारखेच्या आधीच निघालं होतं. उद्याच्या गाडीची तिकिटं काढलेली होती, पण बाईंचा जीव आजच टांगणीला लागला होता. सकाळीच जावयानं मेसेज टाकला होता, "आई, हिला आत घेतलंय. बाळ झालं की फोन करतो. पहिलं रडणंच ऐकवतो तुम्हाला." ते रडणं ऐकायचं म्हणून बाईंनी आज शिवणयंत्राला हातही लावला नव्हता. गिऱ्हाइकांचे अर्धवट ब्लाउज खुंटीला तसेच लोंबत होते.

चूक आपलीच, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. कापड बेतताना ते सरकू नये म्हणून वजन म्हणून फोन ठेवायची त्यांची जुनी खोड. यंत्राच्या ब्रशनं त्यांनी फोनची जाळी घासली, तर खडूची भुकटी आणि दोऱ्यांचा हा एवढा भुगा निघाला. आवाजाचं बटण शेवटपर्यंत दाबून झालं. फोन बंद करून चालू करून झाला. स्पीकरचं चित्र दाबलं तर भलतीच यादी उघडली, आणि काहीतरी बिघडेल या भीतीनं त्यांनी ती झटकन मिटवली.

शेवटी कोपऱ्यावरचं मोबाइलचं दुकान गाठलं. दुकानदारानं गाणं लावलं, तर असं दणक्यात वाजलं की शेजारच्या बाकावरचं कुत्रं उठून गेलं!

"काकू, फोन ठणठणीत आहे."

"अहो, घरी मेल्याची वाचा बसते!"

"मग घरालाच दाखवा कुणाला तरी," असं म्हणून तो हसत दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

बाई तणतणत घरी आल्या. फोन पुन्हा मुका! त्यांनी तेच गाणं लावलं. पडद्यावर गाणारी तोंड उघडत होती, मिटत होती, आवाज मात्र शून्य. आणि आतल्या खोलीतून नवरा नेमकं तेच गाणं गुणगुणू लागला.

बाईंच्या ते लक्षातच आलं नाही. त्या आपल्याच विवंचनेत होत्या. नवरा निवृत्त बस ड्रायव्हर. इंजिनाशेजारी जन्म गेला आणि कान गेले. लेकीनं मोठ्या हौसेनं दोन्ही कानांची यंत्रं आणून दिली, तर स्वारी कडाडली, "मी काय म्हातारा झालोय?" यंत्रं गेली कपाटात. तेव्हापासून घरात बोलायचं म्हणजे घसा फोडायचा, म्हणून बोलणंच कमी झालं होतं. हल्ली तर भर उन्हाळ्यात कानटोपी घालून बसायचा. बाईंनी हटकणं सोडून दिलं होतं.

तेवढ्यात घंटी वाजली. जावई! बाईंनी झडप घालून फोन उचलला. "हॅलो! जावईबापू? मला ऐकू येत नाहीये हो! हॅलो!"

काही नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. ज्या क्षणासाठी सकाळपासून ताटकळल्या, तो हातात येऊन निसटत होता.

आणि आतून धावत आला तो नवरा. टोपी वाकडी, डोळे भरलेले. "अगं, मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत!"

"तुम्हाला कसं कळलं?"

त्यानं टोपी ओढून काढली. दोन्ही कानांत यंत्रं! "माझा फोन बटणाचा ना, म्हणून लेकीनं तेव्हाच ही तुझ्या फोनला जोडून ठेवलीत. तू घरात असलीस की तुझ्या फोनचा सगळा आवाज माझ्या कानात येतो."

"आणि मी दुकानाच्या पायऱ्या झिजवतेय! बोलला का नाहीत?"

"एवढा तमाशा करून वर कबूल कसं करू? लाज वाटली गं." त्यानं टोपी हातात चुरगाळली. "नातवंडाचं रडणं मला नीट ऐकायचं होतं. म्हणून सवय करत होतो."

बाई चांगल्याच भडकणार होत्या, पण त्यानं एकदम हात वर केला. "थांब, थांब! तिला फोनजवळ आणलंय!" आणि एका कानातलं यंत्र काढून, शर्टाला पुसून, त्यानं अलगद बायकोच्या कानात बसवलं.

दोघं डोक्याला डोकं टेकवून उभी राहिली. कानात एक इवलासा जीव घर डोक्यावर घेत होता. बाई हसत होत्या, रडत होत्या, मधेच नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढत होत्या.

"हॉर्न दमदार आहे," ड्रायव्हर म्हणाला.

"तुमच्यावरच गेलीय," बाई म्हणाल्या. अगदी हळू म्हणाल्या, तरी त्याला ऐकू आलं. किती दिवसांनी असं हळू बोलल्या होत्या त्या!

फोन ठेवल्यावर बाईंनी डोळे पुसले. "आता धाकट्या बहिणीला कळवते."

"कळव की. फक्त तिला सांग, तिचे भाऊजी आता सगळं ऐकतात. परवा घरी आली होती तेव्हा दगडोबा म्हणत होती मला."

बाईंनी जीभ चावली. मग कानातलं यंत्र न काढताच बहिणीला फोन लावला आणि नवऱ्याला खूण केली, जवळ या.