वाटीवरचं आडनाव

वाटी एवढीशी, चांदीची, तळहाताच्या खळग्यात बसलेली... आणि तिच्या पोटात आपलाच चेहरा उलटा, कपाळावरचं गोंदण खाली, हनुवटी वर — बनाबाईंना हसू आलं. मंगळवार, निरंकार उपास, तरी आज भूक म्हणून नाही. उद्या नातवाचं बारसं. शेफाली घरी भोंगवलीत लेकराला पाजत बसली असेल, आणि आपण इथं भोरच्या बाजारात, आनंदरावांच्या भांड्यांच्या दुकानात, सोबत जावई जॉर्डी — ताडमाड उंच, चौकटीला डोकं आपटूनच आत आलेला.

"आडनाव काय घालू बाळाचं?" आनंदरावांनी नाव घालायचं मशीन उचललं.

"सेरा," जॉर्डी म्हणाला. "आमच्या कातालान भाषेत... डोंगराची रांग."

"तिकडं लई हायेत का सेरा?"

"खूप. डोंगर तिथे सेरा. पण सगळे नातेवाईक नाहीत."

"म्हंजी बांधावरनं भांडणं न्हाईत. सुखी हाय तुमचा मुलूख."

बनाबाई ऐकत होत्या आणि नव्हत्याही... हे गेले तेव्हा माजघरात कुणीतरी कुजबुजलं होतं, एकच लेक, तीबी परमुलखात, शिळीमकरांचं घर मिटलं. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. रोज सांजवात लावताना त्या सगळं मागायच्या — पाऊसपाणी, लेकीचं सुख, गुरांची खुशाली — एवढं एक तेवढं मागत नसत; देवाला तरी किती अवघडात टाकायचं...

"आई," जॉर्डी शब्द जपून ठेवत म्हणाला, "सेरा पुरं नाही. आमच्यात दोन असतात. आधी बाबांचं, मग आईचं. बाळ — सेरा शिळीमकर."

मशीन घरघरलं. चांदीवर एकेक अक्षर उमटत गेलं, आणि बनाबाईंना दिसलं — कुठल्याशा परक्या डोंगराखालची शाळा, हजेरी घेणाऱ्या बाई, शिळीमकरशी येऊन अडखळलेल्या, 'ळ' काही जमत नाही, पोरं हसताहेत, आणि हा पठ्ठ्या उभा राहून ठणठणीत सांगतोय... न मागता दिलंस रे, बाबा.

"तुमचीबी दोन का, जावईबापू?" आनंदरावांनी विचारलं.

"हो. दुसरं विला, आईचं. आजीचं मात्र गळून गेलं."

म्हणजे हेही एका जन्मापुरतंच. असू दे, एक जन्म काय कमी झाला... पण आजीचं गळलं म्हणजे — आजी तर मी. त्यांच्या रीतीनं शेफालीच्या नावामागं शिळीमकर, आणि त्यामागं माझं माहेरचं... पानशेतच्या अंगाचं, गाव धरणात गेलं तिथलं, लग्नानंतर कुणी विचारलंच नाही ते...

"आन् भेट कुणाकडनं घालू, बनाबाई?"

आनंदराव मशीन धरून थांबलेत. बनाबाई शिळीमकर — नेहमीचं, सोपं, ओठांवर आलेलंच. पण कुणीतरी पलीकडच्या काठावरून हाक मारतंय, अगं पासलकरांची बना — आणि मी ओ देते आहे, मनातल्या मनात, पुन्हा पुन्हा, एवढ्या मोठ्यानं की बाजारात सगळ्यांना ऐकू जात असेल...