दुसऱ्या भागातला समुद्र

माझ्या ताईने चौदा महिने एका सिनेमासाठी संगणकावर समुद्र बनवला. परग्रहावरचा, जांभळा, डोंगराएवढ्या लाटांचा. पहिला भाग तुफान चालला होता, म्हणून दुसऱ्यात सगळंच दुप्पट हवं होतं. सिनेमा लागला तेव्हा ती आईला आणि मला दुपारच्या खेळाला घेऊन गेली. तिची मान आखडली होती, डोळे चुरचुरत होते.

ती मोठी लाट उसळली तेव्हा अख्खं थिएटर श्वास रोखून बसलं. आईने माझा हात घट्ट धरला. पुढे यानाचा कप्तान मेला, तेव्हा मात्र आई निवांत चष्म्याच्या काचा पुसत होती. पहिल्या भागात त्याला नुसता ताप चढला, तर ती हमसाहमशी रडली होती.

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "आई, खरं सांग."

"समुद्र बघून डोळ्यांचं पारणं फिटलं गं," आई म्हणाली. "पण ती माणसं नुसती पळत होती. कोणी कोणाशी दोन शब्द धड बोललं नाही. मग तो गेल्याचं मला वाईट कसं वाटणार?"

मला वाटलं, आता ताई चिडणार. ती थिएटरच्या पायरीवरच बसली.

"कप्तानाचा आणि त्याच्या बहिणीचा एक छान प्रसंग होता," ती म्हणाली. "माझ्या लाटेला वेळ पुरेना म्हणून कापला. मीही गप्प बसले."

"आणि आता?" आईने विचारलं.

"तिसऱ्या भागासाठी विचारलंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही."

आई तिच्या शेजारी बसली आणि तिची मान चोळू लागली.