गेंड्याचं रक्त

गेंड्याने साफ नकार दिला.

"ताई, तुझं यकृत कापून मी जगायचं? आणि तुला काही झालं तर भाऊजी मला जिवंत सोडतील का? मग एवढा खटाटोप कशाला!"

स्वतःच्याच विनोदावर तो हसला आणि धाप लागून उशीला टेकला. खरं तर हा पोहायला शिकवणारा माणूस, एका दमात तलावाचं दुसरं टोक गाठणारा. लहानपणी घर सगळं खोकत पडलं तरी याला साधी शिंक येत नसे, म्हणून ताईनेच त्याचं नाव गेंडा ठेवलं होतं. आता त्याचं पोट पाण्याने टम्म फुगलं होतं, डोळे पिवळे पडले होते. हिपॅटायटिस बीचा विषाणू कित्येक वर्षं त्याच्या यकृतात गुपचूप मुक्काम ठोकून होता. नवं यकृत मिळालं नाही तर फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. ताईच्या यकृताचा तुकडा त्याला चालणार होता. त्याने हो म्हणायचा काय तो अवकाश होता.

ताई बाहेर येऊन बाकावर बसली. त्याला हे उपकार वाटत होते, म्हणून तो अडून बसला होता. आणि हे उपकार नाहीत, हे जगात फक्त तिला ठाऊक होतं.

ताई संशोधक. तिचा उभा जन्म शरीरातल्या आवर घालणाऱ्या पेशींच्या मागे गेला. प्रत्येक घरात एक मावशी असते बघा, भांडण पेटलं की मध्ये पडून "जाऊ दे, जाऊ दे" म्हणणारी. या पेशी तशाच. रोगाशी लढणाऱ्या पेशी फार चवताळल्या तर आपलंच घर जाळून बसतील, म्हणून या त्यांना धरून ठेवतात. मावशी हवीच. पण विषाणू चिवट निघाला, वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला, की पुष्कळदा या मावश्या वाढतात आणि लढणाऱ्या पेशी हात खाली घेतात. माणसाला ना ताप, ना कावीळ. आत मात्र धुमसत राहतं.

हे पाहायचं तर रोग्यांच्या रक्ताशेजारी निरोगी माणसांचं रक्त लागतं. काही वर्षांपूर्वी एकदा निरोगी माणसं कमी पडली आणि ताईने भावाला बोलावलं. निरोगी म्हणवणाऱ्याचीही आधी विषाणूची तपासणी करायची, हा प्रयोगशाळेचा नियम. परक्यांच्या बाबतीत ताई तो डोळ्यांत तेल घालून पाळायची. पण हा तर घरचा! त्यातून ओल्या केसांनी, दोन वर्गांच्या मधल्या वेळात धावत आलेला. त्याची तपासणी तिने केलीच नाही.

"घे हवं तेवढं," बाही वर करत तो म्हणाला होता, "गेंड्याचं रक्त आहे, तुझं यंत्र लाजेल."

यंत्र काही लाजलं नाही. त्याने खरं तेच दाखवलं: ज्याच्या रक्तात मावश्या जास्त, त्याचा ठिपका वर. निरोगी माणसांचे ठिपके आलेखावर खाली दाटीवाटीने बसले आणि गेंड्याचा एकटाच वर गेला, रोग्यांच्या घोळक्यात. ताई वैतागली. नळी नीट हलवली नसेल, पेशी ओळखायला घालतात तो रंग जास्त पडला असेल, यंत्रच बिघडलं असेल. तिने सगळ्यांवर संशय घेतला, फक्त भावावर घेतला नाही. असा ठिपका दिसला की आधी कारण शोधा, हे ती विद्यार्थ्यांना ओरडून सांगायची. स्वतः मात्र तिने तो सरळ काढून टाकला. आलेख देखणा झाला. शोधनिबंध छापून आला, कौतुकही झालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा. त्या एका ठिपक्याने रोग सिद्ध झाला नसता, पण एक साधी तपासणी करावीशी तरी वाटायला हवी होती.

ती उठली आणि आत गेली. खुर्ची खाटेजवळ ओढून तिने त्याला सगळं सांगितलं, ठिपका काढला तिथपर्यंत. गेंडा सलाइनच्या थेंबांकडे बघत ऐकत होता.

"तू तर म्हणाली होतीस, रक्त झकास आहे."

"म्हणाले होते."

"तलावावर दरवर्षी डॉक्टर येतात तपासायला. मी दरवेळी त्यांना म्हणायचो, राहू द्या, आमच्या ताईने तपासलंय."

हे मात्र ताईला माहीत नव्हतं. तिचा हात खाटेच्या दांडीवर होता, तो तिथेच राहिला.

"तेव्हा कळलं असतं तर?" त्याने विचारलं.

"रोज एक गोळी. बहुतेक इथवर आलंच नसतं."

त्याने आजवर सगळ्याचीच थट्टा केली होती, पोटाची, सुयांची, शेजारच्या खाटेवरच्या घोरण्याची. आताही काहीतरी बोलेल असं तिला वाटलं. त्याने चादर हळूहळू छातीपर्यंत ओढली.

"दे मग," तो म्हणाला आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

या होकारासाठी ताई आठवडाभर त्याच्या विनवण्या करत होती. आता तो मिळाला, तर तिला वाटलं, याने आणखी एकदा नाही म्हणावं, भाऊजींचं नाव घ्यावं आणि हसावं.